एका खड्ड्यातले दोघे

मी डोंगरावरचं एक झाड बोलतोय. माणसाला लाज वाटली की तो मान खाली घालतो, तोंड फिरवतो, अगदीच असह्य झालं तर गाव सोडतो. झाडाला यातलं काहीएक जमत नाही. लाज असो नसो, ताठ उभं राहायचं, वाढायचं आणि लांबून सगळ्यांना दिसत राहायचं, अशी आमची गत. म्हणून निदान बोलून तरी मोकळा होतो.

माझी पानं सुयांसारखी, खोड सरळसोट. माझ्या जातीची झाडं उंच, थंड डोंगरांवरच होतात. मी मात्र जन्मलो काचेच्या घरात, उबेत. तिथूनच सगळं सुरू झालं.

डोंगराच्या पायथ्याशी, जिथे रस्ता संपतो तिथे, एका बाईंची नर्सरी होती. सगळे त्यांना मावशी म्हणत. नर्सरी त्यांच्या यजमानांनी उभी केली होती. ते गेल्यावर मावशींनी ती एकटीने चालवली. घराच्या मागे उघड्यावर वाफे होते. तिथे दुपारपर्यंत डोंगराची सावली असे आणि हिवाळ्यात माती दगडासारखी गोठे. मावशी दरवर्षी वर जंगलात जायच्या, जुन्या झाडांखालची काळी माती पोत्यात भरून आणायच्या आणि रोपाच्या प्रत्येक पिशवीत मूठभर टाकायच्या. कोणी विचारलं, ही माती कशाला, तर म्हणायच्या, "आमचे हे टाकायचे, म्हणून मी टाकते. दुधाला विरजण असतं ना, तसलं काहीतरी असेल." यापुढे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं.

मग जावई आला. तो शहरात एका शीतगृहात यंत्रं सांभाळायचा. शीतगृह बंद पडलं तेव्हा मावशींची लेक म्हणाली, चार दिवस आईकडे जाऊ, तोवर दुसरं काम मिळेल. ते चार दिवस काही संपेनात. चांगला शिकलेला, हाताला हुन्नर असलेला माणूस, पण घरजावई झाला या विचाराने पार मिटून गेला होता. ताटावर बसला की दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा नाही. लेक त्याच्याशी आईसमोर 'अहो' म्हणून बोलायची आणि आई नसली की 'अरे'. एकदा माझ्या देखतच ती त्याला म्हणाली, "अरे, पोटभर जेव की. आई काही मोजत नाही."

"आई नाही मोजत," तो म्हणाला, "मी मोजतो."

आपण या घराच्या उपयोगी पडलोच पाहिजे, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्याने पडक्या घरांच्या खिडक्या गोळा केल्या आणि त्यांचं काचघर उभं केलं. भिंतीच्या कडेने गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्या. आयुष्यभर गारठा सांभाळलेला माणूस आता ऊब सांभाळू लागला. आणि खरं सांगायचं, झकास सांभाळली. बाहेर बर्फ पडत असायचं आणि आत आम्ही कोवळ्या उन्हात असल्यासारखे पसरत होतो. पाण्यातून खत यायचं. माझी मुळं जाड, मऊ, गुबगुबीत झाली. त्यांना शोधायला कुठे जायचं नव्हतं. सगळं बसल्या जागी तोंडात पडत होतं.

वर्षाच्या आत मी त्याच्या गुडघ्याला लागलो. मावशी दारात उभ्या राहून बघतच राहिल्या. "अगं बाई, ही रोपं आहेत की भुतं!" म्हणाल्या. जावई त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणाने हसला.

त्या हसण्याच्या भरातच मातीचा विषय निघाला. मावशींनी रिकामं पोतं झटकायला घेतलं होतं. तो म्हणाला, "आई, रागावू नका, पण त्या मातीतून बुरशी येते. इथल्या उबेत ती फोफावेल आणि रोपं सडतील."

मावशींचा पोतं झटकणारा हात थांबला. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर राहू दे, जावईबापू. तेवढीच माझ्या गुडघ्यालाही सुटका."

पोतं परत खुंटीवर गेलं.

बाहेरच्या वाफ्यात आधीच्या वर्षांची काही रोपं अजून उरली होती. त्यांच्या पिशव्यांत जंगलातली माती होती. तीन हिवाळे काढूनही ती वीतभरच होती. वाकडी, गडद, अंग आखडून बसलेली. कोणी विकत घ्यायला तयार नव्हतं. मी काचेतून त्यांच्याकडे बघायचो आणि मला त्यांची कीव यायची. खोटं कशाला बोलू, कीवसुद्धा नाही. हसू यायचं.

डोंगराच्या वरच्या अंगाला, गावाच्या रस्त्याच्या बरोबर डोक्यावर, एक मोठा उतार घसरून उघडा पडला होता. पाऊस झाला की तिथून दगड गडगडत खाली येत. लोक त्या टप्प्यावरून मान वर करूनच चालायचे. वनखात्याच्या साहेबांनी ठरवलं, इथे झाडं लावायची, मुळांनी माती धरली की दगड थांबतील. साहेब नर्सरीत आले, काचघरात शिरले आणि आम्हाला बघून खूश झाले. "हीच द्या. सगळी हीच द्या," म्हणाले. जावयाचे कान लाल झाले. मावशींनी साहेबांना चहा केला तेव्हा कप जावयाच्या हातून दिला.

लावणीला अख्खं गाव लोटलं. मी शेवटच्या खेपेत होतो, उताराच्या अगदी वरच्या वळणावर. खड्डे संपत आले होते. जावयाच्या एका हातात मी होतो, आणि टोपलीच्या तळाशी एक खुरटा उरला होता. भरीला म्हणून कोणीतरी बाहेरच्या वाफ्यातली रोपंही टोपलीत टाकली होती. ती सगळी संपून हा एकटा राहिला होता.

लेक म्हणाली, "टाकून दे ते. ते काय जगणार आहे?"

"असू दे गं. याच खड्ड्यात कडेला बसेल," तो म्हणाला.

असा तो माझ्या खड्ड्यात आला. मला फार अपमान वाटला. एवढा मोठा डोंगर मोकळा असताना हे बांडगूळ माझ्याच पायाशी का?

पहिला मोसम बरा गेला. पिशवीतल्या मातीबरोबर आलेलं खत होतं, त्यावर भागलं. मग हिवाळा आला आणि माती गार म्हणजे काय असते ते मला कळलं. गारठा अंगाला झोंबतो त्याचं काही नाही, ते सोसता येतं. पण थंड मातीत काही कुजतच नाही. मागच्या वर्षी पडलेलं पान पुढच्या वर्षी तसंच. अन्न असतं, नाही असं नाही, पण सगळं त्या पानांत, त्या काड्यांत कुलूपबंद. समोर भरलेलं कपाट आणि किल्ली कोणाकडे, हे माहीत नाही. माझी गुबगुबीत मुळं तिथल्या तिथे बसून राहिली. त्यांना हात पसरायची सवयच नव्हती.

वसंत आला तेव्हा माझ्या सुया पिवळ्या पडल्या होत्या. खालच्या ओळींतले माझे भाऊबंद, काचघरात माझ्या खांद्याला खांदा लावून वाढलेले, एकेक करून तपकिरी होत गेले. हिरवं होऊ पाहणारा उतार आता गंजलेल्या पत्र्यासारखा दिसू लागला.

आणि मी? त्याच दिवसांत माझ्या मुळाच्या टोकाला काहीतरी लागलं. केसाहून बारीक, पांढरा धागा. खुरट्याच्या बाजूने आला होता. मी आधी अंग चोरलं. तो पुन्हा आला, टोकाभोवती गुंडाळला, आणि त्यातून जे आलं ते अन्न होतं. कोणाचं आहे, कशाच्या बदल्यात आहे, मी काही विचारलं नाही. ओढून घेतलं. पिवळेपणा गेला, शेंडा वर आला, आणि मला वाटलं, बघा, आपण मुळातच दणकट!

दणकट म्हणे.

खाली गावात काय चाललं होतं ते मला जावयाकडूनच कळलं. तो रोज वर यायचा, मेलेल्या रोपांना पाणी घालायचा. लेक त्याला शोधत आली की दोघं माझ्याजवळ बसायची.

"दुकानात का नाही गेलास?" तिने विचारलं.

"दुकानदार म्हणतो, जावईबापूंनी झाडं नाही, तयार सरपणच लावलंय. तोडून वाळवायची मेहनत वाचली."

ती हसली नाही. तोही नाही. नंतर ती कितीतरी वेळ त्याच्या बाहीवरचा चिखल नखाने काढत होती.

मग साहेब आले, आणि त्यांच्याबरोबर माती तपासणाऱ्या एक बाई. वर चढून येईपर्यंत गावातली बरीच माणसं मागून जमली. साहेबांनी एक वाळकं रोप उपटलं आणि सगळ्यांसमोर धरलं. "हे कोणाचं काम?"

जावई पुढे व्हायच्या आत मावशी पुढे झाल्या. एका हातात काठी, श्वास लागलेला. "रोपं माझ्या नर्सरीची आहेत. काय बोलायचं ते मला बोला."

मी जावयाकडे बघितलं. एखाद्याला उन्हात उभं करून अंगावरचा सदरा काढून घ्यावा तसा त्याचा चेहरा झाला होता. साहेबांचं बोलणं सोसणं त्याला सोपं गेलं असतं. सासूने आपल्यासाठी ते सोसावं, हे मात्र त्याला सोसवेना.

माती तपासणाऱ्या बाई तोवर गुडघ्यांवर बसून हातांनी खणत होत्या. त्यांनी मेलेल्या रोपाची मुळं झटकली. ती अजून पिशवीच्याच आकाराची होती. "पिशवी काढलीत, पण हे अजून पिशवीतच राहतंय," त्या म्हणाल्या. मग वर येऊन माझ्या पायाशी बसल्या. लांब सळईचा तापमापक मातीत खुपसला, वाचला, मान हलवली आणि खणायला लागल्या. मला लपावंसं वाटलं, का ते कळेना.

"इकडे या," त्यांनी जावयाला बोलावलं. "भिंग घ्या. काय दिसतंय?"

"पांढरं... मुळांच्या टोकांना मोजे घातल्यासारखं."

"बुरशी आहे."

त्याने भिंग खाली ठेवलं.

"सडवणारी नव्हे. ही झाडाशी भागी करते," त्या म्हणाल्या. "झाड तिला पानांत बनवलेली साखर देतं. ती मातीतलं कुलूपबंद अन्न सोडवून झाडाला आणून देते. वर, गारठ्यात, दोघांनाही एकमेकांशिवाय गत नाही, म्हणून भागी घट्ट. खाली, उबेत, माती सैल होते, अन्न आपोआप सुटतं. मग झाड म्हणतं, हिला कशाला पोसू? साखर देताना हात आखडतं. तुमच्या काचघरात तर ऊब आणि वरून खत. तिथे जंगलातली माती घातली असतीत तरी हे थंडीतले धागे टिकले असतील असं मला नाही वाटत."

"मग हा कसा वाचला?" साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

बाईंनी एक धागा बोटाने हळूच उचलून दाखवला. तो माझ्यापासून निघून थेट खुरट्याच्या मुळांत शिरत होता. "याच्या जिवावर. हा थंडीत वाढला, भागी बरोबर घेऊनच वर आला. उंच आहे तो त्याचंच खातोय. बदल्यात काही देतोय की नाही, ते मला आत्ता सांगता यायचं नाही."

मला सांगता आलं असतं. फारसं काही देत नव्हतो.

 मग जावईच म्हणाला, "म्हणजे हाही घरजावईच." आणि हसायला गेला. त्याचं हसू अर्ध्यावरच तुटलं. "आई, मी उद्या शहरात जातो. तुमचं नाव घालवलं, आता आणखी काही..."

"गप्प बसा!" मावशी म्हणाल्या. जावयाला त्या असं कधी बोलल्या नव्हत्या, लेकसुद्धा दचकली. "माती आणायची बंद केली ती मी. तुम्ही नुसतं म्हणालात, माझ्या गुडघ्याला निमित्त हवंच होतं. मनात आलं होतं, हे इतकी वर्षं घालत होते, उगाच का घालतील? पण जावयाला नको कसं म्हणायचं, म्हणून गप्प बसले. पोटच्या पोराला मी असं डोळ्यांदेखत पडू दिलं असतं? कान धरून थांबवलं असतं. तुमचा मान ठेवत राहिले, पण तुम्हाला आपलं नाही मानलं. लाज वाटायची ती मला वाटू दे."

त्यांचा आवाज फुटला आणि मोकळ्या हाताने त्या कमरेपर्यंत आलेलं माझं खोड धरून उभ्या राहिल्या. दुसरं धरण्यासारखं तिथे काही नव्हतं. इतक्या चांगल्या बाईला आधार द्यायची माझी लायकी नव्हती, पण दिला.

जावई गेला नाही. लेक पुढे कोणाला तरी सांगत होती, त्या दिवशी आईने त्याला पोरासारखं बसवून वाढलं आणि त्याने निमूट खाल्लं.

पुढच्या हंगामापासून काचघराच्या नळ्या थंड झाल्या. खिडक्यांची तावदानं काढून वाऱ्याला वाट दिली. थंडी कशी सांभाळायची हे त्याला मुळातच येत होतं. रोपांना ती हळूहळू कशी सोसायला लावायची, ते तो माती तपासणाऱ्या बाईंना विचारून विचारून शिकला. ज्या उंचीवर लावायचं त्याच उंचीवरच्या जुन्या झाडांखालून माती आणायचा, स्वतः पाठीवर. रोपं बुटकीच निघाली. साहेबांनी नाक मुरडलं, पण घेतली. ती जगली. सगळी नाहीत, पण बरीच. उतार सावकाश हिरवा झाला.

इथे माझी गोष्ट थांबली असती तर मी बोललोच नसतो.

मी वाढत गेलो. आता अन्न भरपूर होतं आणि उंचीची खोड जुनीच. खुरटा माझ्या सावलीत राहिला. त्याला ऊन मिळेना. पान जितकं ऊन बघेल तितकीच साखर, आणि त्यातलीही तो धाग्यांना द्यायचा, सवयीने. मी फांद्या आवरू शकत नव्हतो. किंवा आवरल्या नाहीत, असं म्हणतो.

एका वर्षी वरून एक मोठा दगड घरंगळला आणि माझ्या बुंध्याला येऊन टेकला. मी वाकलो, पण धरला. तेव्हा माती तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "एका खड्ड्यात दोघं आता मावणार नाहीत. दोघांचीही मुळं कमजोर राहतील. एकाला काढा."

जावई करवत घेऊन आला. बरोबर लेक. तो आम्हा दोघांसमोर उभा राहिला, आणि उभाच राहिला.

"लहान्याला काढ," ती हळूच म्हणाली.

"याच्या जिवावर तो उभा आहे."

"माहीत आहे मला. पण दगड कोण धरणार? खाली रस्ता आहे."

तिचं बरोबर होतं. तेच तर वाईट होतं. मी मनातून ओरडत होतो, मला काढा, दगडाची काहीतरी दुसरी सोय लावा. पण खरं सांगू? त्या ओरडण्याच्याही तळाशी एक आवाज होता, तो म्हणत होता, बरं झालं, दगड आला. त्या आवाजाची मला आजही सगळ्यांत जास्त लाज वाटते.

जावयाने गुडघाभर बुंधा ठेवून खुरट्याला कापलं. कापलेल्या जागेवर तळहात ठेवून म्हणाला, "माफ कर रे." माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या वसंतात मातीखालून एक ओढ जाणवली. इतक्या वर्षांत आमची मुळं एकमेकांत घुसून एकजीव झाली होती, धागे तर होतेच. एकही पान नसलेला तो बुंधा जिवंत होता आणि मागत होता. पहिल्यांदाच मागत होता.

मी साखर पाठवली. तेव्हापासून पाठवतोय. कापलेल्या कडेवर सालीची एक गोल वळी आली आहे, हळूहळू आत सरकते आहे. याला परतफेड म्हणू नका. ज्याची पानं माझ्यापायी गेली त्याला माझ्या पानांतलं देतो, यात उपकार कसला?

हल्ली उन्हाळे तापू लागलेत. माती तपासणाऱ्या बाई सळई खुपसतात आणि वाचून झालं तरी लगेच उठत नाहीत. गारठ्यातले जुने धागे पातळ होऊन डोंगरावर आणखी वर सरकताहेत, त्यांच्या जागी नवे येताहेत. ते घेतात जास्त आणि देतात बेताचं, असं मला वाटतं. बाई अजून नक्की सांगत नाहीत. माझ्यापाशीही पूर्वीइतकं उरत नाही. उरतं त्यातलं आधी बुंध्याच्या बाजूला जातं. किती दिवस जमेल, माहीत नाही.

तुम्ही कधी या वाटेने वर आलात तर वळणावर दम लागेल. माझ्या सावलीत एक बुंधा दिसेल, बसायला अगदी सोयीचा. सगळेच बसतात, त्यांना काय ठाऊक. तेवढ्यावर बसू नका. बसायचंच असेल तर माझ्या मुळांवर बसा.